खाडीतली कासवं मोजताय? या चुका टाळा

फेब्रुवारी लागला की गोव्यात खाडीकाठच्या बांधांवर दुर्बिणी घेतलेली मंडळी दिसू लागतात. उत्साह खरा असतो, म्हणूनच त्याच त्या चुकांपायी त्यांची दोन-तीन महिन्यांची मेहनत पाण्यात जाताना बघवत नाही. शिवाय यातल्या काही चुका कासवांच्या जिवावर बेततात.

हे ऑलिव्ह रिडलेबद्दल नाही. मोरजी, मांद्रे, आगोंद, गालजीबागच्या किनाऱ्यांवर अंडी घालणाऱ्या त्या कासवांवर वन खात्याची नजर असते. मी लिहितोय ते खाडीच्या वरच्या अंगाला राहणाऱ्या गोड्या पाण्यातल्या कासवांबद्दल. मऊ पाठीचं फ्लॅपशेल आणि कडक पाठीचं काळं कासव, मुख्यतः हीच दोन. मांडवीत भरती समुद्रापासून सुमारे ५० किलोमीटर आत, थेट गांजेपर्यंत जाणवते. म्हणजे पाणी गोडं किंवा मचूळ असलं तरी ते चढतं आणि उतरतं, आणि इथेच बहुतेकांचं गणित चुकतं.

दर रविवारी सकाळी दहाला जाणं

सुट्टीचा दिवस, सोयीची वेळ, ठरलेली जागा. वेळ पक्की ठेवली म्हणजे नोंद शास्त्रशुद्ध झाली असं वाटतं. पण पक्की असते ती घड्याळाची वेळ. भरती रोज साधारण ५० मिनिटं पुढे सरकते, सात दिवसांत जवळजवळ सहा तास. या रविवारी दहाला तुम्ही भरलेली खाडी बघत असाल, तर पुढच्या रविवारी दहाला ती ओसरत असेल, आणि त्याच्या पुढच्या रविवारी पुन्हा भरलेली.

कासवं ऊन खायला चढतात ती उघड्या पडलेल्या चिखलाच्या कडांवर, बांधाच्या दगडांवर, पाण्यात आडव्या पडलेल्या माडाच्या खोडावर. भरतीत या जागा पाण्याखाली जातात. कासवं तिथेच असतात, दिसत नाहीत इतकंच.

काही वर्षांपूर्वी कॉलेजच्या मुलांचा एक गट माझ्याकडे तक्ता घेऊन आला. एका आठवड्यात पाच-सहा कासवं, पुढच्यात शून्य, मग पुन्हा पाच, पुन्हा शून्य. त्यांचा निष्कर्ष तयार होता: ज्या आठवड्यात मानशीवर, म्हणजे खाडीच्या बांधातल्या पाण्याच्या दारांवर, जाळं लागतं त्या आठवड्यात कासवं गायब होतात. मानशीवर जाळं लावणाऱ्या काकांविरुद्ध पंचायतीत द्यायचा अर्जही लिहून झाला होता. मी त्यांना भिंतीवरचं कॅलेंडर काढायला लावलं आणि प्रत्येक तारखेपुढे तिथी लिहायला सांगितली. सगळी शून्यं पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास, सगळे चांगले आकडे अष्टमीच्या आगेमागे. जाळं आणि शून्य एकाच आठवड्यात येत होतं हे खरंच होतं. मानशीवरची मासेमारी होतेच उधाणाच्या दिवसांत, कारण तेव्हा पाणी जास्त आत येतं आणि जोरात बाहेर पडतं. आणि त्याच दिवसांत सकाळी दहाला खाडी तुडुंब भरत आलेली असते. जाळ्याचं आणि शून्याचं, दोन्हींचं मूळ उधाणात होतं. अर्ज फाडला गेला. तो दिला असता, तर पिढ्यान् पिढ्या खाडी ओळखणारा माणूस कायमचा दुखावला असता. खरं तर त्याच्याकडेच आधी विचारायला हवं होतं.

माझी सवय सांगतो. आदल्या रात्री तिथी बघतो. कोकणात चालत आलेला हिशोब आहे: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ ढोबळमानाने कळते. अष्टमीला सहाच्या सुमारास भरती, म्हणजे बाराच्या सुमारास पूर्ण ओहोटी. सकाळी नऊ-दहाला जाऊन बसावं. पौर्णिमेला सव्वाअकराच्या सुमारास भरती; त्या दिवशी सकाळ सोडून द्यावी आणि दुपारी तीननंतर जावं. हा अंदाज झाला. नेमकी वेळ हवी तर मुरगाव बंदराचं भरती-ओहोटीचं वेळापत्रक बघावं.

पण वेळापत्रक उघडून थांबू नका. ती वेळ बंदराची आहे. वळणावळणाने आत गेलेल्या खाडीत पाणी उशिरा पोचतं, आणि मानशीच्या आतल्या बाजूला, पोंयीत (बांधामागच्या तळ्यात), त्याहून वेगळं वागतं, कारण मानशीची दारं भरतीला मिटतात आणि ओहोटीला उघडतात. तुमच्या जागेचा उशीर किती, हे तुम्हीच शोधायचं. बांधाजवळ एक बांबू रोवा, वीत-वीत अंतरावर खुणा करा आणि एक पूर्ण दिवस त्याच्यासमोर बसून दर अर्ध्या तासाला पाणी कुठे आहे ते लिहा. एवढंसुद्धा बसवत नाही त्यांनी निरीक्षणाच्या नादी लागू नये असं माझं स्पष्ट मत आहे. आता फोनवर भरतीची वेळ सांगणारी अॅप आहेत. त्यांना बंदर कळतं, तुमची खाडी कळत नाही.

दिसलं की उचलणं आणि ‘सोडणं’

चैत्रात पोंयी आटतात, शेतं तडकतात. फ्लॅपशेल मग दोनपैकी एक करतं: चिखलात स्वतःला पुरून घेऊन पावसाची वाट बघतं, किंवा ओलावा शोधत चालू लागतं. बांधावर, रस्त्याकडेला, कधी कोणाच्या परसात ते दिसतं ते याच दिवसांत. ते वाट चुकलेलं नसतं.

अशाच एका एप्रिलमध्ये काही तरुणांना रस्त्यावर फ्लॅपशेल सापडलं. कासव म्हणजे समुद्र, हे डोक्यात पक्कं. स्कूटरवर घालून ते नदीच्या मुखाशी नेलं आणि टाळ्यांच्या गजरात लाटेत सोडलं. व्हिडिओ गावभर फिरला. दुसऱ्या दिवशी सकाळी ते रापणीच्या जाळ्यात आलं आणि मला फोन आला. डोळे खोल गेले होते. मान बाहेर लोंबत होती. निरोगी फ्लॅपशेलला हात लावला की ते पाय आत ओढतं आणि पोटाकडच्या मागच्या झडपा त्यांच्यावर मिटतात. याच्या झडपा अर्ध्या उघड्या तशाच राहिल्या होत्या. वन खात्याच्या लोकांनी गोड्या पाण्यात ठेवून प्रयत्न केले, पण ते जगलं नाही.

समुद्री कासवाच्या डोळ्यांजवळ मीठ बाहेर टाकणाऱ्या ग्रंथी असतात. किनाऱ्यावर अंडी घालताना त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहताना दिसतं ते त्यांचंच. फ्लॅपशेलकडे ही सोय नाही. समुद्राचं पाणी त्याच्या अंगातलं पाणी काढून घेतं.

म्हणून आधी पाय बघा. वल्ह्यासारखे चपटे पाय असतील तर समुद्री कासव. पडदे आणि नखं असलेले पाय असतील तर गोड्या पाण्यातलं. खांबासारखे जाड पाय असतील तर जमिनीवरचं, आणि त्याला तळ्यात सोडणं म्हणजे बुडवणं. रस्ता ओलांडणाऱ्या निरोगी कासवाला गाडीखाली जाण्याचा धोका असेल तरच, ते ज्या दिशेने चाललं होतं त्याच बाजूला रस्त्यापलीकडे ठेवा आणि निघा. जखमी असेल तर वन खात्याला कळवा. किनाऱ्याला लागलेलं अशक्त रिडलेसुद्धा पुन्हा पाण्यात ढकलू नका. ते विनाकारण बाहेर आलेलं नसतं. फ्लॅपशेल १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. त्याला पकडणं, घरी टबात ठेवणं हा गुन्हा आहे, हेतू कितीही चांगला असला तरी.

एप्रिलमध्ये आकडा घसरला की ‘कासवं संपली’ म्हणणं

वर लिहिल्याप्रमाणे काही चिखलात गेलेली असतात. शिवाय नदीचा गोडा प्रवाह रोडावला की खारं पाणी दर आठवड्याला आणखी आत सरकतं आणि कासवं वर, वसंत बंधाऱ्यांनी अडवलेल्या गोड्या पाण्याकडे सरकतात. फेब्रुवारीच्या आकड्याची तुलना पुढच्या वर्षीच्या फेब्रुवारीशी करा. आणि पाण्याची चव नोंदवायला साधं क्षारता मोजायचं यंत्र मिळालं तर उत्तमच. नसेल तर निदान गोडं, मचूळ, खारं एवढं तरी मानशीवरच्या माणसाला विचारून लिहा.

बाकीच्या चुका, थोडक्यात

वर आलेली प्रत्येक मान मोजून बेरीज करणं. तेच कासव परत परत श्वास घ्यायला वर येतं. एका वेळी एकदम जास्तीत जास्त किती दिसली, तोच आकडा धरा.

पाण्यात हलणारं सगळं कासव समजणं. तरंगता नारळ, पाणसाप, पाणमांजराचं डोकं, सगळ्यांनी चांगल्या लोकांना फसवलंय. फ्लॅपशेलचं नाक लहान नळीसारखं पुढे आलेलं असतं आणि ते क्षणभरच दिसतं. खात्री नसेल तर ‘खात्री नाही’ असा वेगळा रकाना ठेवा.

गालावर लाल पट्टा असलेलं कासव आपल्याकडचं म्हणून लिहिणं. ते दुकानातून आणून कोणीतरी सोडलेलं परदेशी कासव असतं. वेगळी नोंद करून वन खात्याला कळवा.

बांधावर उभं राहणं. आकाशासमोर उभा माणूस कासवांना लांबून दिसतो आणि एक उतरलं की पाठोपाठ सगळी उतरतात. मी माडाच्या बुंध्याशी बसतो, बसल्यावर पहिली वीस मिनिटं मोजतच नाही. नवख्यांना ही वीस मिनिटं फुकट गेल्यासारखी वाटतात आणि ते पुढच्या वळणावर जातात. तिथेही तेच करतात.

शून्य न लिहिणं. दोन तास बसून काही दिसलं नाही तर तारीख, वेळ, पाणी चढतं की उतरतं, ऊन की ढग आणि शून्य, असं पूर्ण लिहायचं. शून्यं गाळलेली वही कोणाच्याही उपयोगाची नाही.

पाव टाकणं. नाही म्हणजे नाही.

ओळखीसाठी पाठीवर रंग लावणं किंवा भोक पाडणं. फ्लॅपशेलची पाठ कातडीची असते. कासवाला हात लावून खूण करणं हे परवानगी असलेल्या संशोधकांचं काम आहे. पाठीवरचे डाग आणि जुने व्रण यांचे फोटो तुम्हाला पुरतात.

चिखलात उतरणं. खाजनाचा, म्हणजे बांध घालून राखलेल्या खाडीकाठच्या जमिनीचा, चिखल मांडीपर्यंत घेतो, आणि कुंभारजुवे कालव्याच्या परिसरात मगरी आहेत. तिथे पाण्याच्या काठावर बसणं, पाय सोडणं, पहाटे एकट्याने जाणं, तिन्ही बंद.

नेमकी जागा सगळ्यांना सांगणं. फ्लॅपशेल मांसासाठी पकडलं जातं, आणि आटत्या पोंयीत ते पकडायला काहीच लागत नाही. फोटो टाकायचा असेल तर तालुक्याच्या पुढे जागा सांगू नका आणि फोटोच्या फाइलमध्ये आपोआप नोंदलेलं ठिकाण आधी पुसा.

वही घरी ठेवून देणं. तुमच्या पंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असते आणि तिची लोक जैवविविधता नोंदवही असते. मे संपता संपता तिथे जा. कासव कोणतं, कोणत्या महिन्यांत दिसलं, पाणी कसं होतं, मानशीवरच्या कोणी काय सांगितलं, एवढं त्यांना द्या. अचूक जागेचा कागद वेगळा करा आणि तो वन खात्याच्या हाती द्या.