साडेतीन इंची नकाशावरून पाच इंची इंजिन: काय गुणायचे आणि काय नाही

रुळांवर चालणाऱ्या छोट्या वाफेच्या इंजिनांचे सर्वांत चांगले नकाशे साडेतीन इंची गेजसाठी, म्हणजे दोन रुळांमधल्या तेवढ्या अंतरासाठी, काढलेले सापडतात. ब्रिटनमधल्या हौशी कारागिरांनी ते पिढ्यान्‌पिढ्या वापरून तावून सुलाखून घेतले आहेत. पण माणसाला ओढायचे, तासभर निवांत फेऱ्या मारायच्या, तर पाच इंची गेज केव्हाही सोयीचे. मग मनात येते, सगळी मापे गुणून टाकू. इंजिनाचा आकार गुणता येतो. आग, पाणी आणि वजन मात्र आपापल्या हिशेबाने वाढतात. तो हिशेब आधी कागदावर करा, लेथला नंतर हात लावा.

पहिले काम: एकच गुणक ठरवा

पाचला साडेतीनने भागले की १.४३ येतात. पण साडेतीन इंची इंजिने मूळ इंजिनाच्या दर फुटाला पाऊण इंच या प्रमाणात असतात आणि पाच इंची फुटाला १ १/१६ इंच. त्यावरून गुणक येतो १.४२. साठ सेंटिमीटर लांबीच्या इंजिनात एवढ्याशा फरकाने सात मिलिमीटर इकडेतिकडे होतात. दोन्हींपैकी कोणताही घ्या, पण शेवटच्या बोल्टपर्यंत तोच ठेवा. मी इथे १.४३ धरतो.

हे स्टँडर्ड गेजच्या इंजिनाचे झाले. तुमच्या मनात माथेरानचे इंजिन असेल, तर त्याचा मूळ रूळच दोन फुटी. पाच इंची रुळावर ते फुटाला अडीच इंच या प्रमाणात येते आणि दणदणीत मोठे होते. साडेतीन इंची नकाशा कोणत्या मूळ गेजचा आहे, ते आधी तपासा.

आता भिंतीवर तीन आकडे लिहून ठेवा. लांबी १.४३ पट, क्षेत्रफळ २.०४ पट, घनफळ आणि वजन २.९२ पट. वीस किलोचे इंजिन अठ्ठावन्न किलोंचे होणार. ते उचलायचे कसे, गाडीत चढवायचे कसे, हा विचार आत्ताच करा.

नकाशा नव्याने काढा

झेरॉक्स मोठी करून काम सुरू करू नका. रेषा मोठ्या होतात, आकडे जुनेच राहतात आणि कागदावरून पट्टीने मोजलेले माप दगा देते. प्रत्येक माप गुणा, मिलिमीटरमध्ये करा आणि बाजारात मिळणाऱ्या मापाला आणा. एक सूत जाडीची पट्टी गुणून साडेचार मिलिमीटर येते. दुकानात पाच मिळते, मग पाच घ्या आणि शेजारच्या भागांची मापे त्याप्रमाणे सारखी करा. तीन मिलिमीटरचा बोल्ट ४.३ होतो, तिथे सरळ चारचा वापरा. बसणीतली सैल मात्र गुणू नका. पिनेत ०.०२ मिलिमीटरची सैल असेल तर मोठ्या इंजिनातही जवळपास तेवढीच पुरते.

चाकांच्या बाबतीत नकाशापेक्षा रुळाचे ऐका. पाच इंची गेजला दोन चाकांच्या आतल्या बाजूंमधले अंतर ४ ११/१६ इंच ठेवतात. ज्या रुळांवर चालवणार, तिथली फ्लँजची (चाकाच्या उभ्या कडेची) आणि सांध्याची मापे विचारून मगच चाके तासा.

सिलिंडर

दाब तोच ठेवून सिलिंडर आणि चाके सारखीच गुणली, तर ओढ २.०४ पट होते आणि वजन २.९२ पट. म्हणजे मोठ्या इंजिनाची पकड ओढीपेक्षा जास्त वाढते आणि चाके कमी घसरतात. हा मोह पाडणारा फायदा आहे. लोक लगेच सिलिंडरचा व्यास वाढवतात. पण जिच्यावर आग जळून वाफ तयार होते ती जाळी २.०४ पटच मोठी झाली आहे. तिला न पेलणारे सिलिंडर लावले तर पहिल्याच चढावर दाब खाली येतो. मूळ इंजिन चाके घसरवत असेल तर व्यासाला हात लावू नका. नसेल तर पाच टक्के वाढवा, त्यापुढे नको.

व्हॉल्व्हची मापे, वाफेची भोके, पाण्याचा पंप हे सगळे सरळ गुणले तरी चालते. चाक मोठे झाल्याने त्याच वेगाला फेरे कमी होतात, त्यामुळे पंपाचे पाणी आणि वाफेची गरज दोन्ही २.०४ पटीवरच जुळतात.

बॉयलर: इथे सर्वांत जास्त वेळ द्या

दाब तोच असेल तर पत्र्याची जाडी सरळ गुणली तरी ताकद तेवढीच राहते. दोन मिलिमीटरचे २.८६ होतात, तीनचा पत्रा घ्या. नेहमी वरचे माप घ्यायचे, खालचे कधीही नाही. दाब चौरस इंचाला ८० पौंडांवरून १०० वर न्यायचा असेल, तर पत्रा आणि स्टे (पत्र्यांना ताणून धरणारे दांडे) दोन्हींचा हिशेब मुळापासून पुन्हा करा.

आगीचा गरम धूर पाण्यातून नेणाऱ्या धूरनळ्या मात्र गुणायच्या नाहीत. माझ्या पहिल्या बॉयलरमध्ये मी त्या गुणल्या होत्या. आग झकास दिसायची, पण स्मोकबॉक्सच्या, म्हणजे पुढच्या धूरपेटीच्या, दाराचा रंग करपून पापुद्रे निघाले आणि दुसऱ्या फेरीत दाब अर्ध्यावर आला. उष्णता पाण्यात न जाता धुराड्यातून बाहेर चालली होती.

मॉडेल इंजिनवाल्यांत कीलर यांच्या नावाचे एक सूत्र चालते. सगळे इंचांत धरायचे. नळीच्या लांबीला आतल्या व्यासाच्या वर्गाने भागायचे, उत्तर ५० ते ७० च्या दरम्यान यायला हवे. समजा मूळ नळी सात इंच लांब आणि ०.३३ इंच व्यासाची आहे. उत्तर ६४, उत्तम. सगळे गुणले की लांबी दहा इंच, व्यास ०.४७, आणि उत्तर घसरून ४५ वर येते. ६४ च राखायचे तर व्यास सुमारे ०.३९५ इंच, म्हणजे दहा मिलिमीटर हवा. नळ्या बारीक झाल्या की त्यांची संख्या वाढवायची. बाराच्या सतरा केल्या की धुराला जायला जागा २.०४ पट होते, जाळीच्या बरोबर.

आता पुठ्ठ्याचा फायरबॉक्स (आगीची पेटी) पूर्ण मापाचा करा. दारातून हात घालून पाहा, फावडे फिरवून पाहा, नळीपट्टीच्या (नळ्या बसतात त्या भोकांच्या पत्र्याच्या) खालच्या कोपऱ्यात जोड तापवणाऱ्या बर्नरची ज्योत पोचेल का ते पाहा. सतरा नळ्यांची पट्टी कागदावर आखून दोन भोकांमधली भिंत मोजा. या एका संध्याकाळी महिन्यांचे काम वाचते.

तांब्याचे वजन जवळपास तिप्पट होते, म्हणून साडेतीन इंची बॉयलर तापवणारा एक बर्नर इथे पुरत नाही. सिल्व्हर ब्रेझिंगला (चांदीमिश्रित धातू वितळवून जोड देण्याला) दुसरा बर्नर आणि दुसरा माणूस हवाच, शिवाय भोवती विटांचा आडोसा. झाल्यावर पहिली चाचणी थंड पाण्याने, कामाच्या दाबाच्या दुप्पट दाबाला. ब्रिटिश क्लबांत हाच रिवाज आहे. भारतातल्या बॉयलर कायद्याच्या व्याख्येत २५ लिटरपेक्षा कमी क्षमतेचे बॉयलर येत नाहीत आणि आपला त्यात सहज बसतो. पण म्हणून चाचणी टाळू नका. लोकांची मुले याच्या मागे बसणार आहेत.

स्प्रिंगा आणि आस

सरळ गुणलेली स्प्रिंग जास्त दबते, कारण भार २.९२ पट झाला आणि तिची ताकद १.४३ पटच वाढली. वेढे तितकेच ठेवा, वेढ्याचा व्यास गुणा, पण तार १.५६ पट जाड घ्या. १.२ मिलिमीटरची तार असेल तर १.९ ची लागते. अॅक्सलबॉक्सच्या, म्हणजे आस ज्यात फिरतो त्या ठोकळ्याच्या, बेअरिंगची रुंदी बसेल तेवढी वाढवा, कारण प्रत्येक चौरस मिलिमीटरवरचा भारही वाढला आहे.

धुराडे जुळवणे

ब्लास्ट पाइपचे, म्हणजे वापरलेली वाफ धुराड्यात सोडून आगीला ओढ देणाऱ्या नळीचे, तोंड गुणून आलेल्या मापापेक्षा थोडे लहान ठेवा. भोक मोठे करता येते, लहान करता येत नाही. इंजिन आधी ठोकळ्यांवर चढवून हवेच्या दाबाने फिरवा आणि व्हॉल्व्ह जुळवा. मग वाफ करा, आणि दोन माणसे मागे बसवून चढ चढताना आगीकडे पाहा. आग पांढरी राहून दाब टिकत असेल तर तोंड पाव मिलिमीटरने मोठे करून पुन्हा त्याच चढावर जा. दाब पडायला लागला की त्याआधीचे माप बरोबर, त्या मापाचे नवे तोंड करून बसवा.