मुलांच्या हाती झारी देताना या चुका टाळा

लहान मुलांसोबत बाग करायची म्हणून घरोघरी मोठ्या उत्साहाने कुंड्या आणल्या जातात आणि महिन्याभरात त्यांतल्या बहुतेक कुंड्यांत नुसती माती उरते. अशा पालकांच्या तक्रारी माझ्यापर्यंत सतत येत असतात आणि त्या जवळजवळ सारख्याच असतात. बी उगवलेच नाही, उगवले ते दोन दिवसांत आडवे झाले, मुलाचा उत्साहच संपला. यांतल्या शेवटच्या तक्रारीवर माझा सहसा विश्वास बसत नाही. तीन-चार वर्षांचे मूल मातीला कंटाळल्याचे मी क्वचितच पाहिले आहे. कंटाळतात ती मोठी माणसे, आणि त्यांच्या घाईतून झालेल्या चुका मुलाच्या नावावर जमा होतात.

पहिली गफलत बियांच्या निवडीत होते. पाकिटावरचे रंगीत चित्र पाहून मिरची, गाजर किंवा पार्सली आणली जाते. ही बियाणी उगवायला दोन आठवडे सहज घेतात, कधी तीनही घेतात, आणि चार वर्षांच्या मुलाला तीन आठवडे म्हणजे किती, याचा अंदाज नसतो. पहिल्या खेपेला मुळा, घेवडा किंवा सूर्यफूल यांपैकीच काहीतरी लावावे, असे मी आग्रहाने सांगत आलो आहे. उबदार हवेत मुळा तीन ते सहा दिवसांत वर येतो, घेवडा आणि सूर्यफूल आठवड्या-दहा दिवसांत दिसू लागतात, आणि घेवड्याचे व सूर्यफुलाचे बी एवढे मोठे असते की मुलाला ते चिमटीत धरून स्वतः पेरता येते. बी किती खोल पेरायचे याचा साधा हिशेब बियाच्या जाडीच्या दुप्पट ते तिप्पट असा आहे. मुले मात्र बोट जाईल तितके खोल ढकलतात, म्हणून मी पेन्सिलीवर आडवी रेघ ओढून देतो आणि तेवढीच पेन्सिल मातीत खुपसायला सांगतो. लेट्यूस किंवा पेटुनियासारखे बारीक बी मातीवर नुसते भुरभुरून हलकेच दाबावे, कारण त्याला उगवण्यासाठी उजेड लागतो.

बी उकरून पाहणे

बी पेरल्याच्या दुसऱ्या दिवशी मूल कुंडीत बोट घालून ते बाहेर काढते आणि घरातले मोठे त्याला रागावतात. माझ्या मते रागावण्याचे काहीच कारण नाही. जमिनीखाली काय चालले आहे हे पाहण्याची इच्छा रास्त आहे, फक्त ती पुरी करण्याची जागा चुकलेली आहे. बियातून सर्वांत आधी मूळ बाहेर येते आणि त्यावर डोळ्यांना जेमतेम दिसतील असे मूलरोम, म्हणजे केसांसारखे बारीक तंतू, असतात. पाणी शोषण्याचे काम मुख्यतः तेच करतात आणि बी उपटून पुन्हा ठेवताना तुटतातही तेच. घेवड्याचा कोंब तर मान वाकवूनच मातीतून वर येतो आणि आपली दोन जाड दले मागून ओढून घेतो. त्या वेळी मदत म्हणून कोणी त्याला वर ओढले की मान मोडते आणि ते रोप तिथेच संपते.

यावर माझा ठरलेला उपाय आहे. कुंडीत पेरणी होते त्याच दिवशी एका पारदर्शक बरणीत आतून टिपकागदाची गुंडाळी बसवायची, ती ओली करायची आणि कागद व काच यांच्यामध्ये घेवड्याचे तीन-चार दाणे अडकवायचे. तळाशी पाणी थोडेच ठेवायचे आणि ते दाण्यांपर्यंत पोचू द्यायचे नाही, कारण बुडालेला दाणा कुजतो. पहिल्या दिवशी दाणा फुगतो, सालीला सुरकुत्या पडतात, मग साल एका बाजूने फाटते आणि पांढरे टोक बाहेर येते. मूळ बोटाच्या पेराएवढे झाले की बरणी आडवी करून ठेवावी. एक-दोन दिवसांत मुळाचे टोक वळून पुन्हा खालची दिशा धरते आणि ते वळण मुलाला काचेतून स्पष्ट दिसते. या काळात मोठ्यांनी प्रश्नांचा भडिमार करू नये. मूल बराच वेळ नुसते पाहत बसते, त्याला तसे बसू द्यावे. बरणीत हे सगळे समोर दिसत असल्यामुळे कुंडीतले बी उकरण्याची ओढ आपोआप ओसरते.

पाणी

मुलांच्या कुंड्यांत जितकी रोपे तहानेने मरतात, त्याहून कितीतरी अधिक रोपे जास्त पाण्याने मरतात. मुळांना पाण्याइतकीच हवा लागते. मातीच्या कणांमधल्या पोकळ्या सतत पाण्याने भरलेल्या राहिल्या की मुळांना प्राणवायू मिळत नाही, ती कुजू लागतात आणि कुजलेले मूळ पाणी उचलू शकत नाही. त्यामुळे भरपूर ओल्या मातीत उभे असलेले रोपही तहानलेल्या रोपासारखीच मान टाकते. ते पाहून घरातले कोणीतरी आणखी एक तांब्या ओततात. सकाळी मूल पाणी घालते, दुपारी आजी घालते, संध्याकाळी आई घालते, आणि यांपैकी कोणीही मातीला हात लावून पाहिलेला नसतो.

त्यातच कुंडीच्या तळाशी खडीचा थर देण्याची जुनी खोड आहे. खडीने निचरा सुधारतो अशी समजूत इतकी पक्की आहे की ती सोडायला माणसे तयार होत नाहीत. बारीक मातीतले पाणी खालच्या जाड खडीत सहजासहजी उतरत नाही. मातीचा खालचा भाग पूर्ण भिजून गच्च झाल्याशिवाय ते पुढे सरकत नाही, म्हणजे खडी घातल्याने तो गच्च ओला थर उलट मुळांच्या अधिक जवळ येतो आणि कुंडीतली मातीची जागाही कमी होते. तळाला भोके हवीत, माती अडवायला भोकावर जाळीचा एक तुकडा हवा, एवढे पुरते. बाहेरून शोभेची बंद कुंडी वापरायचीच असेल तर पाणी घातल्यावर अर्ध्या तासाने आतली कुंडी उचलून साचलेले पाणी ओतून द्यावे.

माझ्या ओळखीच्या एका कुटुंबात साडेपाच वर्षांच्या मुलीने सूर्यफूल लावले होते. ती रोज रोपाशेजारी दोरा धरायची, उंचीइतका कापायची आणि तो दोरा वहीत चिकटवायची. ही युक्ती तिची तिनेच काढली होती आणि ते दोरे एकापेक्षा एक लांब होत गेलेले मी स्वतः पाहिले. रोपावर तिचे फार प्रेम असल्यामुळे पाणीही फार होते. एके दिवशी रोपाने मान टाकली, सगळ्यांनी मिळून अधिक पाणी घातले आणि देठ मातीलगत मऊ पडून ते आडवे झाले. मुलगी झोपल्यावर तिचे वडील रोपवाटिकेतून दुसरे रोप घेऊन आले आणि त्यांनी ते त्याच कुंडीत, त्याच ओल्या मातीत लावले. सकाळी मुलीने दोरा धरला आणि विचारले, "बाबा, हे एका रात्रीत बुटके कसे झाले?" पाने वेगळी आहेत, हेही तिने लगेच दाखवले. वडील हेच ते रोप म्हणून ठाम राहिले. तिने त्यांच्यावर विश्वास ठेवला, रोप आजारी पडून आखडले आहे असा अर्थ लावला आणि ते बरे व्हावे म्हणून पाणी आणखी वाढवले. दुसरे रोपही आठवड्याच्या आत गेले आणि वही बंद झाली.

वडिलांचा हेतू चांगला होता, यात मला शंका नाही. पण पहिल्या रोपासोबत त्याच्या मरणाचे कारणही गायब केल्यामुळे ती चूक पुन्हा होणारच होती. मेलेले रोप मुलासमोर उपटावे आणि त्याची मुळे पाण्यात हलवून दाखवावीत. निरोगी मुळे पांढरट व घट्ट असतात, तर कुजलेली तपकिरी असतात, त्यांना घाण वास येतो आणि चिमटीत धरून ओढले की वरचे साल निघून हातात येते. मुलाला रडू आले तर येऊ द्यावे. मग माती बदलून, कुंडी धुऊन, दोघांनी मिळून पुन्हा बी पेरावे. तयार रोप आणून वेळ वाचवण्याचा मोह मला समजतो, पण मुलांच्या बाबतीत हा आडमार्ग मला मुळीच मान्य नाही.

कोवळे रोप मातीलगत दोऱ्यासारखे बारीक होऊन कोसळले, तर तो बुरशीमुळे होणारा रोपे कोलमडण्याचा रोग असतो. ओली माती, दाट पेरणी आणि कोंदट हवा यांत ती बुरशी फोफावते. कोसळलेले रोप परत उभे राहत नाही, तेव्हा त्यावर औषधे शोधत न बसता विरळ पेरणी करावी आणि दोन पाण्यांमध्ये मातीचा वरचा थर सुकू द्यावा.

पाणी देण्याची माझी सवय अशी आहे की आधी बोट दुसऱ्या पेरापर्यंत मातीत घालायचे आणि मग कुंडी थोडी उचलून तिचे वजन पाहायचे. हे काम मुलाकडे द्यावे आणि "कोरडी" किंवा "ओली" हा त्याचा निकाल अंतिम मानावा. त्याने "ओली" म्हटले की आजीनेही झारी खाली ठेवावी. मुलाला पाणी ओतायचेच असते, आणि त्यासाठी जमिनीत लावलेल्या मोठ्या झाडाचा बुंधा आहे. कुंडीसाठी मात्र एक पेला पाणी मावेल एवढीच झारी द्यावी.

थोडक्यात सांगता येतील अशा चुका

खताचा चमचा वाढवल्याने रोप लवकर वाढत नाही. मातीतले क्षार वाढून मुळांतलेच पाणी बाहेर ओढले जाते आणि पानांच्या कडा करपतात. खिडकीत लांब, फिकट आणि एका बाजूला झुकलेली रोपे दिसली तर त्यांना उजेड हवा आहे, खत नको. सूर्यफुलाला सहा तास तरी थेट ऊन लागते. प्लॅस्टिकची खेळण्यातली खुरपी पहिल्याच ढेकळावर वाकतात, म्हणून बोथट टोकाचे, आखूड दांड्याचे पण खरे खुरपे द्यावे. रविवारी सकाळपासून दुपारपर्यंत बागकाम करून आठवडाभर तिकडे न फिरकण्यापेक्षा रोजची दहा मिनिटे बरी. मावा, म्हणजे रोपाचा रस शोषणारे बारीक किडे, दिसल्यावर कपडे धुण्याच्या पावडरीचे पाणी मारू नये, त्याने पानावरचे मेणाचे आवरण निघते. त्या माव्याजवळ काळ्या रंगाचा, नारिंगी ठिपक्यांचा, लहानशा मगरीसारखा दिसणारा किडा असेल तर त्याला चिरडू नये. ती ढालकिड्याची, म्हणजे लेडीबर्डची अळी असते आणि मावा हेच तिचे खाद्य असते. तिला भिंगातून पाहण्यात मुलांचा अर्धा तास सहज जातो.

जिथे चूक परवडत नाही

गुलाबी, हिरव्या किंवा निळ्या रंगाचा लेप असलेल्या बियाण्याला बहुधा बुरशीनाशक किंवा कीटकनाशक चोळलेले असते. असे बियाणे मुलाच्या हातात देऊ नये. राजम्याचे, म्हणजे घेवड्याच्याच एका प्रकाराचे, कच्चे दाणे दिसायला निरुपद्रवी असले तरी चावून खाल्ल्यास त्यांतल्या लेक्टिन या विषारी प्रथिनामुळे जोराच्या उलट्या होतात, म्हणून बरणीतल्या प्रयोगासाठी घेतलेले दाणे मोजून द्यावेत आणि मोजून परत घ्यावेत. कण्हेरीचे सगळेच भाग विषारी असतात. डिफेनबेकिया या घरातल्या शोभेच्या झाडाचे पान चावले तर त्यातल्या सुईसारख्या स्फटिकांमुळे तोंडाची आग होते आणि सूज येते. सुट्टीच्या दिवशी फिरायला गेल्यावर मुले बिया गोळा करतात, आणि नेमक्या एरंडाच्या चट्ट्यापट्ट्यांच्या व गुंजेच्या लाल-काळ्या बियाच त्यांना सर्वांत सुंदर वाटतात. त्या दोन्ही अत्यंत विषारी आहेत. घरी निघण्यापूर्वी मुलांचे खिसे तपासण्याची सवय मी कधीच मोडत नाही. असे काही चावल्याचा संशय आला तर उलटी करवू नये आणि ती फांदी किंवा बी सोबत घेऊन लगेच डॉक्टरांकडे जावे.

कुंडीमिश्रणाची पिशवी चेहऱ्यापासून दूर धरून उघडावी आणि मिश्रण आधी ओले करावे, म्हणजे त्याची जंतू असू शकणारी धूळ श्वासात जात नाही. ताजे शेण मुलांच्या भाजीच्या कुंडीत घालू नये, पूर्ण कुजलेले खतच वापरावे. काम संपल्यावर साबणाने हात धुवावेत. बागेत भरून ठेवलेली बादली काम संपताक्षणी रिकामी करून पालथी घालावी, कारण चालायला लागलेले मूल दोन इंच पाण्यातही बुडू शकते आणि तेही आवाज न होता.

दोन दिवस बाहेर जाताना

निघण्याच्या घाईत कुंडीत तुडुंब पाणी भरून खाली पाण्याची खोल थाळी ठेवली जाते आणि परत आल्यावर पिवळी पाने दिसतात. दोन दिवसांसाठी एवढा खटाटोप बहुतेक वेळा लागत नाही. सकाळी नेहमीसारखे पाणी द्यावे, कुंड्या उन्हातून सावलीत एकमेकींजवळ सरकवाव्यात आणि मातीवर वाळक्या पानांचा जाड थर घालावा. कडक उन्हाळा असेल किंवा मुक्काम लांबणार असेल तर जाड सुती दोरी भिजवून तिचे एक टोक मातीत बोटभर खोल खुपसावे आणि दुसरे टोक अरुंद तोंडाच्या, पाण्याने भरलेल्या बाटलीत तळापर्यंत सोडावे. दोरी कोरडीच लावली तर पाणी चढायला वेळ लागतो. ही व्यवस्था निघण्याच्या सकाळी प्रथमच करून पाहू नये, तीन-चार दिवस आधी करावी. बाटलीवर पाण्याच्या पातळीची खूण मुलाकडून करून घ्यावी. दुसऱ्या दिवशी पातळी खाली गेलेली दिसली आणि मुलाच्या बोटाला माती ओलसर लागली तर दोरी काम करते आहे. पातळी जराही हलली नसेल तर दोरी अधिक जाड घ्यावी किंवा बाटली कुंडीच्या आणखी जवळ, थोडी उंचावर ठेवून पाहावी.