कंसातलं पान मी पाहिलंच नव्हतं

पीएचडीचा प्रबंध सादर करण्याआधीच्या प्री-सबमिशन सेमिनारला बाहेरून आलेल्या मॅडमनी माझं तिसरं प्रकरण उघडलं, एका अवतरणावर बोट ठेवलं आणि विचारलं, "हे ताराबाईंचं मराठी आहे?" मी हो म्हणाले. मग त्यांनी ते वाक्य मोठ्यानं वाचलं. ते कानावर पडलं तसा माझा चेहरा उतरला. वाक्यात 'नैतिक निकष' असा शब्द होता. १८८२ साली बुलढाण्याची बाई पुरुषांना फैलावर घेताना 'नैतिक निकष' म्हणेल?

झालं होतं असं. ताराबाई शिंदे यांची 'स्त्रीपुरुष तुलना' १८८२ची. सुरतेत विजयालक्ष्मी नावाच्या तरुण विधवेवर बालहत्येचा खटला चालला, त्यावरून वर्तमानपत्रांत बायकांवर जी राळ उडाली तिला दिलेलं ते उत्तर. पुढे जवळजवळ शतकभर पुस्तक कुणाच्या खिजगणतीत नव्हतं, १९७५मध्ये स. गं. मालशे यांनी ते पुन्हा छापून आणलं. १९९४मध्ये रोझलिंड ओ'हॅनलन यांचं इंग्रजी भाषांतर आलं. माझ्या विभागातली मालशे यांची प्रत बाइंडिंगला गेलेली, सहामाही अहवालाला आठ दिवस राहिलेले. माझ्याकडे एका इंग्रजी लेखाची पीडीएफ होती, तिच्यात ओ'हॅनलन यांच्या भाषांतरातलं एक वाक्य होतं. मी ते मराठीत आणलं, अवतरणचिन्हांत बसवलं आणि पुढे कंसात शिंदे, १८८२ आणि पानाचा आकडा टाकला. साल मूळ पुस्तकाचं, पान इंग्रजी भाषांतराचं, मराठी माझं, आणि सगळं खपवलं ताराबाईंच्या नावावर.

प्रत आली की तपासू, असं ठरवलं होतं. प्रत आली तेव्हा मी पाचव्या प्रकरणात होते.

कंस, आडनाव, साल, स्वल्पविराम हे तुम्हाला येतं असं धरून चालते. नसेल येत तर दोन दुपारी पुरतात. ज्यात मी अडकले ते दुसऱ्याच्या पुस्तकातून उचललेल्या संदर्भाचं प्रकरण मात्र सविस्तर सांगते, कारण ते मला कुणी सांगितलं नाही. कंसात नाव आणि पान लिहिता तेव्हा तुम्ही वाचणाऱ्याला सांगत असता की हे पुस्तक मी हातात घेतलंय, हे पान उघडलंय, तुम्हीही उघडा. तुम्ही ते दुसऱ्याच्या लेखात पाहिलं असेल, तर तसंच लिहायचं. एपीए पद्धतीत (अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनची संदर्भ देण्याची पद्धत) ते साधारण असं होतं: (शिंदे, १८८२/१९९४, उद्धृत: लेखाच्या लेखकाचं आडनाव, साल, पृ.). शेवटच्या संदर्भसूचीत फक्त तो लेख जातो, ताराबाई नाही. हे लिहायला लाज वाटते, मलाही वाटली. 'उद्धृत' लिहिलं की आपण मूळ वाचलं नाही हे उघडं पडतं ना! पण सेमिनारच्या खोलीत आठ जणांसमोर जे उघडं पडतं त्यापेक्षा हे बरं.

तिरक्या रेघेचं तेवढं समजून घ्या. एकोणिसाव्या शतकावर काम करणाऱ्यांना ती पदोपदी लागते. मालशे यांची आवृत्ती वापरली तर (शिंदे, १८८२/१९७५), इंग्रजी भाषांतर वापरलं तर (शिंदे, १८८२/१९९४). पहिलं साल पुस्तक कधीचं ते सांगतं, दुसरं तुमच्या हातात काय आहे ते. पानाचा आकडा नेहमी दुसऱ्या सालाचा. नुसतं १८८२ लिहून १९७५च्या पुस्तकातलं पान दिलं, तर ते पान शोधणारा माणूस कुठेच पोचत नाही. आणि इंग्रजीतून परत मराठीत आणलेलं मराठी लेखकाचं वाक्य अवतरणचिन्हांत घालू नका. कधीच नाही. आशय आपल्या शब्दांत सांगा, चिन्हं काढा, कंस ठेवा. मूळ वाक्यच हवं असेल तर मूळ पुस्तक गाठा. मला ते शेवटी आमच्या तालुक्याच्या नगर वाचनालयात मिळालं, पाठीला चिकटपट्टी लावलेलं. ग्रंथपालकाकांनी घरी नेऊ दिलं नाही, टेबलाशी बसून उतरवून घ्यायला सांगितलं. तीन दुपारी बसले. ताराबाईंचं खरं वाक्य माझ्या भाषांतराच्या दुप्पट धारदार निघालं, हा त्यातला आणखी एक टोला.

आमच्या सरांना मी त्या वेळी विचारलं होतं, हे बरंय ना? "टाक गं, सगळे टाकतात," म्हणाले. सर मनानं चांगले आहेत, पण मार्गदर्शक 'सगळे' म्हणाले की त्या दिवशी घरी जाऊन ती गोष्ट दोनदा तपासावी, हे माझं मत झालंय. त्याहून वाईट म्हणजे शोधगंगेवरचे (विद्यापीठांतल्या प्रबंधांचा ऑनलाइन साठा) जुने प्रबंध उघडून त्यांतले कंस उचलणं. एकाच पुस्तकाचं एकच चुकीचं पान मला तीन प्रबंधांत सापडलं, तिन्ही वेगळ्या सालांचे.

चोरी तपासणारं सॉफ्टवेअर साम्याचे जे टक्के दाखवतं, त्यांची भीती मात्र उगाच बाळगू नका. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०१८च्या नियमांत १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही. १० ते ४०मध्ये सहा महिन्यांच्या आत सुधारून द्यायचं. ४०च्या वर एक वर्ष थांबायचं. ६०च्या वर नोंदणी रद्द. श्रेय देऊन घेतलेली अवतरणं आणि संदर्भसूची त्या मोजणीत धरायची नसते. म्हणून विद्यापीठाबाहेरच्या झेरॉक्सच्या दुकानात 'टक्के कमी करून मिळतील' अशी पाटी दिसली तर पुढे चला. ते शब्द फिरवतात, वाक्याचा जीव घेतात, आणि चोरी तिथेच राहते. साम्य शून्य टक्के आणि कंस सगळे खोटे, असाही प्रबंध होऊ शकतो. माझ्या त्या वाक्याला सॉफ्टवेअरनं काहीच म्हटलं नव्हतं. श्रीलिपीसारख्या जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटमध्ये टाइप केलेलं असेल तर त्याला तसाही इंग्रजी अक्षरांचा काला दिसतो, तेव्हा युनिकोडमध्येच लिहा.

बाकीचं पटकन सांगते. शिंदे दोन निघाले (माझ्याकडे विठ्ठल रामजीही होते) तर कंसात आद्याक्षरं द्या: ता. शिंदे, वि. रा. शिंदे. जोशी, पाटील, कुलकर्णी यांच्या बाबतीत तर पहिल्या दिवसापासून. परिच्छेदभर दुसऱ्याचं सांगून शेवटी एकच कंस ठेवू नका; कुठून कुठपर्यंत त्यांचं आणि कुठे तुमचं, ते कळत नाही. एपीएच्या २०१९च्या सातव्या आवृत्तीत तीन किंवा अधिक लेखक असले की पहिल्या वेळेपासूनच 'व इतर' चालतं. तळटीपांची पद्धत असेल तर 'तत्रैव' (म्हणजे वरच्याच टीपेतलं पुस्तक) अगदी शेवटी टाका. मी आधी टाकले, मग मध्ये दोन नव्या टीपा घुसवल्या, आणि चार 'तत्रैव' भलत्याच पुस्तकाकडे बोट दाखवत बसले. संदर्भ साठवून सूची करून देणारं झोटेरो हे सॉफ्टवेअर जरूर वापरा, पण ते तुम्ही भरवाल तेच ओकतं. आडनावाच्या चौकटीत मी 'ताराबाई शिंदे' असं सलग भरलं होतं, ते सूचीत श, शि सोडून 'त'मध्ये जाऊन बसलं.

घाबरला असाल तर एक सांगते. त्या दिवशी मॅडमनी प्रबंध परत पाठवला नाही. म्हणाल्या, "दोन महिने घ्या, प्रत्येक कंस पुस्तकाशी लावून पाहा." मी शंभर पानी वही घेतली. डावीकडे कंस, उजवीकडे 'पाहिलं' किंवा 'नाही'. एकूण २१४ कंस होते, त्यांतले ३७ 'नाही' निघाले. रडू आलं, दोन दिवस वही उघडलीच नाही. मग रोज तीन-तीन करत गेले. बरेचसे ग्रंथालयात मिळाले, काहींपुढे मान खाली घालून 'उद्धृत' लिहिलं आणि आभाळ कोसळलं नाही. व्हायवाला, म्हणजे तोंडी परीक्षेला, त्यांबद्दल कुणी विचारलंही नाही.

शेवटी दोन उरले. एकाचं मूळ मासिक कुठेच मिळेना, ज्या पुस्तकातून घेतलं होतं त्यातही अंकाचा पत्ता नव्हता. दुसरं कुठून घेतलं होतं तेच आठवेना. दोन्ही वाक्यं काढून टाकली. दुसऱ्यावर माझ्या चौथ्या प्रकरणाची सुरुवात उभी होती. ती रात्री बसून नव्यानं लिहिली, आणि अजूनही मला पहिलीच सुरुवात जास्त आवडते.