प्रायमरीत मागे असलेल्या उमेदवाराला खरंच चान्स आहे का, हे कसं बघायचं

अमेरिकेत प्रायमरीचा, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या निवडणुकीचा, सीझन आला की ओळखीतलं कुणीतरी हमखास विचारतं, अगं तो अमुक उमेदवार चांगला वाटतोय पण पोलमध्ये पाच टक्क्यांवर आहे, त्याला मत देऊन काही उपयोग आहे का. मी न्यू जर्सीत राहून बरीच वर्षं या निवडणुका बघतेय आणि माझं ठाम मत झालंय की पोल ही सगळ्यात शेवटी बघायची गोष्ट आहे. आधी नियम बघा, मग मतदानाला प्रत्यक्ष येणार कोण ते मोजा, मग रिंगणात किती जण आहेत ते, आणि मग पोल.

भारतातून नवीन आलेल्यांसाठी एवढंच सांगते की आपल्याकडे एबी फॉर्म कुणाच्या हातात पडतो त्यावर सगळं असतं, इथे तिकीट कुणाला द्यायचं ते मतदारच ठरवतात. म्हणून पक्षातले मोठे लोक विरोधात असले तरी माणूस तिकीट खेचून आणू शकतो. पण प्रत्येक राज्याचे नियम वेगळे आणि चान्स तिथेच अर्धा ठरतो.

पहिलं काम, प्रायमरी ओपन आहे (पक्षाचे म्हणून नाव नोंदवलेलं नसलं तरी मत देता येतं) की क्लोज्ड ते बघा. न्यूयॉर्कमध्ये क्लोज्ड आहे, म्हणजे त्या पक्षाचे म्हणून नाव नोंदवलेलेच मत देऊ शकतात. २०१६ ला तिथे एप्रिलच्या प्रायमरीसाठी पक्ष बदलायची मुदत आधीच्या ऑक्टोबरमध्येच संपली होती आणि ट्रम्पच्या मुलांनाच, इव्हान्का आणि एरिकला, स्वतःच्या वडिलांना मत देता आलं नाही. तेव्हा तुमच्या उमेदवाराचा जोर कुठल्याच पक्षात नसलेल्या लोकांवर किंवा पहिल्यांदा मत देणाऱ्या पोरांवर असेल तर क्लोज्ड राज्यात त्याचा चान्स बराच कमी धरा, सभेला कितीही गर्दी असू दे, नोंदणीची तारीख निघून गेली असेल तर ती गर्दी मतपेटीपर्यंत पोचतच नाही.

दुसरं, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं, टक्के सोडा आणि मतं मोजा. प्रायमरीला फार कमी लोक येतात. २०१८ ला न्यूयॉर्कमध्ये काँग्रेसच्या, म्हणजे अमेरिकेच्या संसदेच्या, जागेसाठी अलेक्झांड्रिया ओकासिओ-कोर्तेझने जो क्रॉली या दहा टर्म निवडून आलेल्या बड्या नेत्याला हरवलं तेव्हा तिला साधारण १७ हजार मतं पडली होती, आणि मतदारसंघाची लोकसंख्या होती सात लाखांच्या आसपास! म्हणजे दारोदार फिरून, एकेक बिल्डिंग धरून गोळा करता येतील एवढीच मतं. २०१४ ला व्हर्जिनियात एरिक कँटर, जो काँग्रेसच्या खालच्या सभागृहात रिपब्लिकनांचा मेजॉरिटी लीडर होता, तो डेव्ह ब्रॅट नावाच्या अर्थशास्त्राच्या प्राध्यापकाकडून हरला, ब्रॅटला ३६ हजारांच्या आसपास मतं होती आणि कँटरच्या स्वतःच्या टीमचा पोल त्याला ३४ पॉइंटने पुढे दाखवत होता.

म्हणून हे करा: काउंटी (आपल्या जिल्ह्यासारखा भाग) किंवा राज्याच्या इलेक्शनच्या वेबसाइटवर जाऊन त्याच जागेच्या मागच्या दोन-तीन प्रायमऱ्यांचे निकाल काढा, जिंकणाऱ्याला किती मतं लागली ते कागदावर लिहा, आणि मग विचारा की आपल्या उमेदवाराचे व्हॉलंटिअर एवढ्या लोकांच्या दारापर्यंत पोचू शकतील का. वीस हजार मतं लागणार असतील आणि हजारभर व्हॉलंटिअर खरंच फिरत असतील तर चान्स आहे, पोल काहीही म्हणू दे. राज्यभराच्या जागेला दहा लाख मतं लागणार असतील तर नुसत्या फिरण्याने भागत नाही, तिथे टीव्ही आणि पैसा लागतो.

तिसरं म्हणजे मतं किती ठिकाणी फुटतायत. आपल्या बेळगावचे श्री ठाणेदार हे याचं सगळ्यात समजायला सोपं उदाहरण. २०१८ ला ते मिशिगनच्या गव्हर्नरपदासाठी डेमोक्रॅटिक प्रायमरीत उतरले, तिघांत तिसरे आले, १८ टक्क्यांच्या आसपास मतं. २०२२ ला डेट्रॉइटच्या काँग्रेसच्या जागेसाठी उभे राहिले तेव्हा बॅलटवर नऊ नावं होती, आणि त्यात सुमारे २८ टक्क्यांवर ते जिंकले आणि पुढे थेट वॉशिंग्टनला गेले. दोन्ही वेळा त्यांनी स्वतःचा भरपूर पैसा ओतला होता, तो भाग वेगळा, पण २८ टक्के हा आकडा दोघांच्या लढतीत दणदणीत हार असते आणि नऊ जणांत विजय.

पण सगळीकडे असं चालत नाही. टेक्सासमध्ये पन्नास टक्के ओलांडले नाहीत तर पहिल्या दोघांत पुन्हा मतदान होतं. २०१२ ला टेड क्रूझ सिनेटच्या पहिल्या फेरीत ३४ टक्क्यांवर होता आणि समोरचा डेव्हिड ड्यूहर्स्ट, राज्याचा लेफ्टनंट गव्हर्नर, ४५ च्या जवळ, दोन महिन्यांनी रनऑफमध्ये क्रूझने त्याला आरामात हरवलं कारण दुसऱ्या फेरीला चिडलेले आणि पेटलेले लोकच येतात. आणि न्यूयॉर्क सिटीत रँक्ड चॉइस आहे, पसंतीक्रम लावायचा, तिथे दुसऱ्या-तिसऱ्या पसंतीची मतं कुणाकडे जातील ते बघावं लागतं. २०२५ ला महापौरपदाच्या डेमोक्रॅटिक प्रायमरीत झोहरान ममदानी आणि ब्रॅड लँडर या दोन उमेदवारांनी लोकांना सांगितलं की आम्हाला दोघांनाही रँक करा, त्याचा ममदानीला फायदा झाला.

राष्ट्राध्यक्षपदाचं गणित अजून वेगळं. तिथे मतं नाही, डेलिगेट मोजायचे, म्हणजे पक्षाच्या अधिवेशनात उमेदवार ठरवणारे राज्याराज्यांचे प्रतिनिधी. डेमोक्रॅट पक्षात किमान १५ टक्के मतं मिळाली तरच डेलिगेट मिळतात, आणि ते मतांच्या प्रमाणात. रिपब्लिकन पक्षात बऱ्याच राज्यांत पहिला येणारा सगळे घेऊन जातो, २०१६ ला ट्रम्पने साउथ कॅरोलायनात ३२-३३ टक्क्यांवर पन्नासच्या पन्नास डेलिगेट घेतले. २००८ चं उदाहरण मला अजून आवडतं. हिलरी क्लिंटनने आमचं एवढं मोठं न्यू जर्सी जिंकलं आणि ओबामावर ११ डेलिगेटची आघाडी मिळवली, त्याच दिवशी ओबामाने छोट्याशा आयडाहोच्या कॉकसमध्ये (तिथे पक्षाचे लोक बैठकीला जमून निवड करतात) १५ विरुद्ध ३ असे घेऊन १२ ची आघाडी मिळवली. म्हणजे दुर्लक्षित राज्यात कुणी माणसं पाठवलीत ते बघा.

आणि पहिल्या दोन राज्यांवरून घाई करू नका. डेमोक्रॅटिक प्रायमरीत बर्नी सँडर्सने २०१६ ला न्यू हॅम्पशायर ६० टक्के मतं घेऊन मारलं आणि साउथ कॅरोलायनात २६ टक्क्यांवर आला, कारण तिथल्या डेमोक्रॅट मतदारांत कृष्णवर्णीय लोक निम्म्याहून जास्त आहेत आणि त्यांच्यात त्याची ओळखच पुरेशी नव्हती. २०२० ला बायडेन आयोवात चौथा, न्यू हॅम्पशायरमध्ये पाचवा, सगळ्यांनी त्याला मोडीत काढला होता, आणि साउथ कॅरोलायनाने त्याला उभं केलं. उमेदवाराला एकाच प्रकारचे लोक मत देतायत की वेगवेगळे, हे विचारा.

बॅलट कसा दिसतो तेही बघा. न्यू जर्सीत कित्येक वर्षं काउंटी लाइन होती, म्हणजे काउंटी पार्टीने पाठिंबा दिलेल्यांची नावं एका ओळीत ठळक आणि बाकीच्यांची कुठेतरी कोपऱ्यात. सिनेटसाठी उभा असलेल्या अँडी किमने कोर्टात दावा लावला आणि मार्च २०२४ मध्ये फेडरल जजने त्या वर्षीच्या डेमोक्रॅटिक प्रायमरीपुरती ती थांबवली. मला त्या दिवशी खूप आनंद झाला होता, कारण चांगली माणसं त्या कोपऱ्यात हरवताना मी बघितली आहेत.

आता पोल. फेब्रुवारी २०२५ मध्ये ममदानी १ टक्क्यावर होता, जूनमध्ये त्याने माजी गव्हर्नर अँड्र्यू कुओमोला हरवलं. सुरुवातीचा पोल म्हणजे फक्त नाव किती जणांना माहितीये त्याचं माप, म्हणून एक पोल बघू नका, एकाच संस्थेचे दोन-तीन महिन्यांचे पोल ओळीने लावा आणि रेघ वर चढतेय का ते बघा. उमेदवाराच्याच टीमने काढलेला पोल सोडून द्या. पैशातही एकूण रकमेपेक्षा देणारे किती ते बघा, न्यूयॉर्क सिटीत तर महापौरपदासारख्या शहरभराच्या जागेला, योजनेत भाग घेतलेल्या उमेदवाराला शहरातल्या माणसाने दिलेल्या पहिल्या २५० डॉलरवर सिटी आठपट घालते, त्यामुळे तिथे छोटे देणगीदार जास्त असणं हीच ताकद.

शेवटचं एक प्रॅक्टिकल. राष्ट्राध्यक्षाच्या प्रायमरीत तुमचा उमेदवार डळमळीत असेल तर पोस्टाने मत पाठवायची घाई करू नका, मुदतीत पोचेल एवढं बघून जमेल तितकं थांबा. २०२० ला डेमोक्रॅटिक उमेदवार बुटिजेज आणि क्लोबुशार सुपर ट्यूसडेच्या (त्या मंगळवारी एकदम बऱ्याच राज्यांत मतदान असतं) अगदी आदल्या एक-दोन दिवसांत बाहेर पडले, ज्यांनी त्यांना आधीच मतं टाकली होती ती वाया गेली, आणि बहुतेक ठिकाणी एकदा टाकलेलं मत बदलता येत नाही.