क्रॉल स्पेसची ओल घालवताना या चुका टाळा

नॉर्थ कॅरोलायनातील रॅली आणि कॅरी या परिसरात घर घेणाऱ्या अनेक मराठी कुटुंबांना आपल्या लाकडी जमिनीखाली रांगत जावे लागेल अशी दोन-तीन फूट उंचीची मोकळी जागा, म्हणजेच क्रॉल स्पेस, आहे, हे घराच्या तपासणीचा अहवाल हाती पडेपर्यंत ठाऊकच नसते. पुढे घरात कुबट वास येऊ लागला, की पायाच्या भिंतीतले सगळे व्हेंट, म्हणजे हवा खेळण्यासाठीचे झरोके, उघडे टाकले जातात. कोंदटपणावर वारा हाच उपाय, हे आपल्या अंगवळणी पडलेले असते. पण गाद्या आपण ऑक्टोबरच्या उन्हात वाळवतो, आषाढात नव्हे. आणि रॅलीचा जुलै हा हवेतल्या बाष्पाच्या हिशेबाने आषाढच असतो.

बाहेर 30 अंश सेल्सिअस तापमान आणि 70 टक्के आर्द्रता असेल, तर त्या हवेचा दवबिंदू, म्हणजे ज्या तापमानाला तिच्यातल्या बाष्पाचे पाणी होऊ लागते तो आकडा, सुमारे 24 अंशांवर येतो. जमिनीखालच्या सावलीत माती आणि लाकूड 21-22 अंशांवर असते आणि एसीच्या डक्टचा पत्रा त्याहून बराच थंड असतो. म्हणजे व्हेंटमधून आत आलेली हवा काहीही वाळवत नाही, उलट स्वतःजवळचे पाणी तिथे सोडून जाते.

एका ओळखीच्या गृहस्थांनी यावर कडी केली. त्यांनी दोन व्हेंटना बाहेरची हवा आत ढकलणारे पंखे बसवले आणि ते संपूर्ण उन्हाळाभर चालू ठेवले. सप्टेंबरमध्ये दिवाणखान्यातल्या ओक लाकडाच्या फळ्यांच्या कडा वर उचलल्या गेल्या, तेव्हा त्यांनी मला बोलावले. खाली उतरलो तर इन्सुलेशन भिजून लोंबत होते, डक्टवरून पाणी ठिबकत होते आणि जॉइस्टमधील, म्हणजे जमीन पेलणाऱ्या लाकडी तुळयांमधील, ओलावा मीटरवर 24 टक्के दिसत होता. लाकूड सतत 20 टक्क्यांच्या वर राहू लागले, की मी बुरशी धरलीच असे समजतो. कारागीर दुसऱ्याच दिवशी जमीन घासून सपाट करायला येणार होता. त्याला मी हट्टाने थांबवले, कारण ओल्या फळ्यांच्या उचललेल्या कडा घासल्या, तर त्या वाळल्यावर मधला भाग उंच राहतो आणि तो दोष मग कायमचा होतो. पंखे काढले, मातीवर प्लास्टिक अंथरले, व्हेंट बंद केले आणि हवेतले बाष्प ओढून घेणारा डिह्युमिडिफायर लावला. जानेवारीपर्यंत मीटर 14 टक्क्यांवर आला आणि बहुतेक फळ्या आपोआप बसल्या. तीन-चार महिने वाट पाहण्याची त्या गृहस्थांची तयारी नव्हती, हे मात्र नमूद केले पाहिजे. दर आठवड्याला त्यांचा फोन येत असे.

आपोआप उघडणारे व्हेंट बसवले म्हणून निश्चिंत राहणे ही याच चुकीची दुसरी आवृत्ती आहे. त्यातली पट्टी केवळ तापमान ओळखते. साधारण 21 अंशांना ती झडप पूर्ण उघडते आणि 4 अंशांच्या आसपास बंद करते. आर्द्रतेशी तिला काही देणेघेणे नसते, त्यामुळे दमट उन्हाळ्यात झडप नेमकी उघडी असते.

दुसरी चूक पाण्याचा उगम न शोधण्याची. 1000 चौरस फूट छपरावर 1 इंच पाऊस पडला, की सुमारे 2350 लिटर पाणी पन्हळीत येते, आणि पन्हळीचा उभा पाइप पायाशीच संपत असेल, तर ते सगळे तुमच्या घराखाली मुरते. डिह्युमिडिफायर विकत घेण्यापूर्वी भर पावसात छत्री घेऊन घराभोवती एक फेरी मारावी, असे मी प्रत्येकाला सांगतो. बहुतेक जण आधी यंत्र विकत घेतात.

मातीवरचे प्लास्टिक किमान 6 मिल (मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग) जाडीचे असावे आणि जोडाच्या ठिकाणी 6 इंच एकमेकांवर यावे. मधोमध एक तुकडा टाकून कडेची माती उघडी सोडणे म्हणजे श्रम वाया घालवणे. व्हेंट ठेवायचेच असतील, तर दर 150 चौरस फूट जमिनीमागे 1 चौरस फूट मोकळी वाट लागते, आणि ती जाळीने अडणारा भाग वजा जाता मोजायची असते. कपडे वाळवणाऱ्या ड्रायरची नळी घराखाली सोडलेली मी आजवर अनेकदा पाहिली आहे. त्यावर अधिक बोलण्याची इच्छा नाही.

व्हेंट बंद करायचे ठरवले, तर ते अर्धवट करू नये. उघड्या मातीवर नुसते व्हेंट बुजवले, तर ओल आतच कोंडते. भिंतीवर प्लास्टिक चढवताना वरची 3 इंच पट्टी मोकळी सोडावी, म्हणजे वाळवीची मातीची चढती रेघ तपासनिसाला दिसते. खाली घर गरम करणारी गॅसची भट्टी असेल आणि ती जळण्यासाठी तिथलीच हवा घेत असेल, तर तज्ज्ञाला दाखवल्याशिवाय व्हेंटला हात लावू नये, कारण कार्बन मोनॉक्साइडचा धोका असतो. पूरक्षेत्रातल्या घरांचे पुराचे पाणी आत-बाहेर जाऊ देणारे व्हेंट तर कधीच बुजवू नयेत.

मी स्वतः महिन्यातून एकदा टॉर्च घेऊन खाली जातो, त्याच तीन जॉइस्टना मीटर टोचतो आणि आकडा व तारीख पेन्सिलीने लाकडावरच लिहून ठेवतो.