सबसिडीची फाईल परत का येते? खान्देशातल्या नव्या कारखानदारांनो, या चुका टाळा

धुळ्यात प्रोजेक्ट रिपोर्ट करून देण्याच्या कामात मला बावीस वर्षं झाली. योजनांची नावं बदलली, अर्ज ऑनलाइन गेले, साहेब बदलून गेले. माणसं मात्र त्याच खड्ड्यात त्याच पायाने पडतात. परवा एकाच दिवशी तीन फाईली परत आल्या आणि तिन्हींची कारणं मी न उघडता सांगितली. म्हणून हे लिहायला बसलो.

सगळ्यात आधी माझी दुखरी नस. मंजुरीच्या आधी मशीन घेणं.

शिंदखेडा तालुक्यातला एक पोरगा मिरची कांडपासाठी माझ्याकडे आला होता. पीएमईजीपीचा, म्हणजे पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमाचा अर्ज केला, फाईल बँकेत गेली. मी बजावलं होतं, फक्त कोटेशन आण, बाकी कशाला हात लावू नको. पण राजकोटच्या डीलरने फोनवर सांगितलं की दिवाळीच्या आत उचललं तर चाळीस हजार सूट. झालं! आईची पोत गहाण टाकली आणि धनत्रयोदशीला मशीन गोठ्याशेजारच्या शेडमध्ये उभं. नारळ फोडला, गावातल्या पुढाऱ्याच्या हस्ते फीत कापली. पुढच्या महिन्यात बँकेचे साहेब जागा बघायला आले तेव्हा मशीनवर हळदीकुंकवाचं स्वस्तिक, पट्ट्याला मिरचीचा लाल थर आणि दाराशी दळण घेऊन आलेल्या दोन बायका. साहेबांनी बिल मागितलं. बिलावरची तारीख बघितली आणि काही न बोलता चहा पिऊन निघून गेले.

ही योजना नव्या युनिटसाठी आहे, चालू असलेल्यासाठी नाही. कर्जाचे पैसे बँक थेट मशीनवाल्याला देते आणि त्या कर्जावर सबसिडी बसते. तुम्ही पैसे आधीच मोजले असतील तर बँक कर्ज देणार कशाला आणि सरकार सबसिडी देणार कशावर? पोरगा माझ्याकडे येऊन म्हणाला, "नाना, पण मशीन तर नवंच आहे ना!" आता यावर काय बोलणार? शेवटी पतसंस्थेचं महाग कर्ज काढून त्याने आईची पोत सोडवली.

माझी सवय सांगतो. कोटेशन हातात आलं की त्याच्या डोक्यावर लाल पेनने लिहितो, ‘मंजुरीपत्राआधी एक रुपयाही नाही’, आणि त्याखाली अर्जदाराची सही घेतो. टोकन म्हणून पाच हजारही द्यायचे नाहीत. डीलरची सूट दर दिवाळीला येते.

दुसरी गोष्ट, सबसिडी म्हणजे हातात पडणारी रोकड नव्हे. पीएमईजीपीत तिला मार्जिन मनी म्हणतात. ती तुमच्या नावाने बँकेतच तीन वर्षं ठेव म्हणून पडून राहते. तिच्यावर व्याज मिळत नाही आणि कर्जाच्या तेवढ्या भागावर बँक व्याज लावत नाही. तीन वर्षांनी पाहणी होते, युनिट चालू दिसलं तर ती रक्कम कर्जात वळती होते. मधल्या काळात शटर ओढलं की ठेव परत जाते. खेळत्या भांडवलाची अट तर कोणी वाचतच नाही. त्या तीन वर्षांत सीसीची, म्हणजे कॅश क्रेडिट खात्याची मर्यादा एकदा तरी पूर्ण वापरलेली दिसली पाहिजे आणि एकंदर वापर पाऊणाच्या खाली नको. नाहीतर तेवढ्या भागाची सबसिडी परत मागतात. सबसिडीच्या भरवशावर बुलेट बुक करणारे मी पाहिलेत.

आता जागेची चूक. सरकार सबसिडी माणसाबरोबर जागाही बघून देतं. पीएमईजीपीत खुल्या गटाला शहरात १५ टक्के, ग्रामीणमध्ये २५. विशेष गटाला (अनुसूचित जाती-जमाती, ओबीसी, महिला वगैरे) तेच २५ आणि ३५. वीस लाखांच्या प्रकल्पात खुल्या गटाच्या माणसाला शहर की गाव यावर दोन लाखांचा फरक पडतो. आणि ग्रामीण म्हणजे पंचायतीच्या हद्दीतलं. आजूबाजूला कपाशी दिसते म्हणून ग्रामीण ठरत नाही. धुळे महापालिकेची हद्द २०१८ मध्ये वाढली, वलवाडीसारखी गावं शहरात आली. आधार कार्डावर अजून ‘मु. पो.’ लिहिलेलं असतं, लोक ग्रामीणवर टिक करतात आणि फाईल परत येते. युनिट जिथे उभं राहणार त्या जागेची घरपट्टी कोण घेतं ते बघा. ग्रामपंचायत की महापालिका, तिथेच उत्तर मिळतं.

याच्या उलटही होतं. नंदुरबार हा आकांक्षित जिल्हा आहे, म्हणजे केंद्राच्या मागास जिल्ह्यांच्या यादीतला. तिथे युनिट टाकणारा खुल्या गटातला असला तरी विशेष गटात धरला जातो, म्हणजे ग्रामीण भागात ३५ टक्के आणि स्वतःचा हिस्सा दहाऐवजी पाच टक्के. धुळ्या-जळगावच्या किती जणांना हे माहीत आहे? ज्यांना कळतं त्यांच्यातले काही शहाणे धुळे जिल्ह्यातल्या दोंडाईच्यात शेड टाकतात आणि नंदुरबारच्या मामाचा पत्ता देतात. पाहणीला माणूस मामाच्या अंगणात येतो आणि तिथे म्हैस बांधलेली असते.

मोठ्या युनिटसाठी राज्याची सामूहिक प्रोत्साहन योजना आहे. १९६४ पासून चालत आलेली. मुंबई-पुण्याच्या पट्ट्यात दाटलेले कारखाने मागास भागात जावेत म्हणून ती काढली. तालुक्यांचे गट पाडलेत, अ पासून ड आणि ड+ पर्यंत. अ म्हणजे पुढारलेला भाग, ड+ म्हणजे मागास. गट तालुक्याचा असतो, जिल्ह्याचा नाही, हे लिहून ठेवा. (आमच्या खान्देशाचं रडगाणं वेगळंच. राज्यघटनेच्या कलम ३७१ (२) खाली १९९४ साली विकास मंडळं झाली तेव्हा विदर्भाला एक, मराठवाड्याला एक आणि आम्ही ‘उर्वरित महाराष्ट्रा’त, मुंबई-पुण्याच्या पंगतीला. ताट वाढून झालं तरी आमची पत्रावळ कोरडीच. मंडळांची मुदतही २०२० च्या एप्रिलमध्ये संपली.)

या योजनेत खान्देशी माणूस कुठे घसरतो, तर विक्रीत. शिरपूरकडच्या एकाने पीव्हीसी पाइपचं युनिट टाकायचं ठरवलं. जमीन स्वस्त, मजूर जवळ, हिशोबाच्या वहीत दरवर्षीच्या परताव्याचा आकडा आधीच मांडलेला. मी विचारलं, माल कुठे विकणार? म्हणाला, "सेंधवा, खेतिया, बडवानी. तिकडे आपली ओळख आहे." मी वही मिटून त्याच्या हातात दिली.

२०१९ च्या योजनेत (तिची मूळ मुदत मार्च २०२४ पर्यंत होती) औद्योगिक विकास अनुदान ठरवलं ते राज्याच्या जीएसटीवर, आणि तेही महाराष्ट्रात बिल होऊन महाराष्ट्रातच पोचलेल्या मालावर. पाइपवर १८ टक्के कर. शंभर रुपयांचा माल नाशिकला दिला तर त्यातले नऊ राज्याचे, ते अनुदानाच्या हिशोबात धरतात. तोच माल मध्य प्रदेशात सेंधव्याला गेला तर सगळे १८ आयजीएसटीत, म्हणजे दोन राज्यांमधल्या विक्रीच्या करात जातात आणि तुमच्या अनुदानाच्या रकान्यात शून्य. नवापूरकरांचंही तेच. तिथल्या रेल्वे स्टेशनचा अर्धा प्लॅटफॉर्म गुजरातेत, बाजार सुरतचा. माल सगळा पलीकडे पाठवून परतावा मुंबईकडून मागायचा, हे कसं जमेल?

धंदा सीमेपलीकडे करू नका असं मी म्हणत नाही. जवळचा बाजार तोच चांगला. फक्त अनुदानाचा आकडा नफ्यात धरू नका. माझ्या रिपोर्टमध्ये मी तो रकाना कोराच ठेवतो. युनिट अनुदानाशिवाय उभं राहत असेल तरच पुढचं पान करतो. यावरून दोन गिऱ्हाइकं रागावून दुसऱ्याकडे गेली. जाऊ द्या.

शेतपंपाच्या जोडणीवर चक्की किंवा कांडप चालवू नका. वीज कायद्याच्या कलम १२६ खाली तो अनधिकृत वापर ठरतो आणि दुप्पट दराने आकारणी होते. शिवाय शेतीच्या विजेच्या वेळा बघता कारखाना रात्री दोनला चालवावा लागेल.

एमआयडीसीचा प्लॉट ‘घेऊन ठेवायचा’ म्हणून घेऊ नका. मुदतीत बांधकाम आणि उत्पादन नाही झालं तर दंड भरून मुदतवाढ, नाहीतर प्लॉट परत. धुळ्याच्या अवधानला, नरडाण्याला बाभळी उगवलेले प्लॉट बघून या.

दुसऱ्याच्या प्रोजेक्ट रिपोर्टवर आपलं नाव टाकू नका. एका डाळमिलच्या रिपोर्टात मला बर्फाच्या कारखान्याचं अमोनिया सापडलं होतं.

उद्यम नोंदणी, म्हणजे लघुउद्योगाची सरकारी नोंदणी, फुकट आहे. दीड हजार घेणाऱ्याला चहा पाजून वाटेला लावा.

आणि जीआर स्वतः वाचा. मराठीतच असतो. योजना बदलतात, मुदती संपतात, व्हॉट्सअ‍ॅपवरचं पत्रक तीन वर्षं जुनं असू शकतं. मी अजूनही छापून घेतो आणि अटींखाली पेन्सिलने रेघा मारतो.

हे लिहीत असतानाच फोन वाजला. साक्रीकडचा एक जण, मागच्या आठवड्यात शेंगदाणा तेलघाण्याचा अर्ज केलेला.

"काय व्हयनं, भो?"

"नाना, घाणी निघाली राजकोटहून. टेम्पो विसरवाडीला पोचलाय, आता घाट चढेल."

"आणि मंजुरी?"

"ती येईलच ना."