उष्ण कटिबंधात गटाने जाताय? या चुका टाळा

गटाच्या सहलीत निम्मे घोळ होतात ते "कुणीतरी घेतलंच असेल" या भरवशावर. मुक्कामी पोचल्यावर तीस जणांत केस वाळवायची यंत्रं सहा निघतात आणि ओआरएसचं पाकीट एकही नसतं. म्हणून सामाईक वस्तूंच्या यादीत प्रत्येक वस्तूपुढे एका माणसाचं नाव हवंच. औषधांची पेटी मात्र दोन बॅगांत विभागून ठेवा, म्हणजे एक बॅग विमानतळावर अडकली तरी दुसरी हाताशी राहते.

लस शेवटच्या आठवड्यात घेणं

पीतज्वराच्या लसीचं प्रमाणपत्र टोचल्यापासून 10 दिवसांनी ग्राह्य होतं. आठव्या दिवशी विमानात बसलात, तर पिवळं कार्ड खिशात असूनही अडवलं जाऊ शकतं. जुनं कार्ड असेल तर फेकू नका. जुलै 2016 पासून ते जन्मभर चालतं. साठी उलटलेल्यांनी ही लस पहिल्यांदा घेण्याआधी डॉक्टरांशी नीट बोलावं. टायफॉइडचं इंजेक्शनही किमान दोन आठवडे आधी लागतं. एकूण काय, निघायच्या सहा आठवडे आधी डॉक्टरांकडे जा.

मलेरियाच्या गोळ्या घरी येताच बंद करणं

गटात ही चूक हमखास होते, कारण प्रत्येकाची गोळी वेगळी असते. अॅटोव्हाक्वोन-प्रोग्वानिल परतल्यावर 7 दिवस, तर डॉक्सिसायक्लिन 4 आठवडे घ्यावी लागते. मलेरियाचे जंतू आधी यकृतात दडतात आणि नंतर रक्तात उतरतात. पहिलं औषध त्यांना यकृतातही गाठतं. दुसऱ्याचा मुख्य मारा रक्तातल्या जंतूंवर असतो, म्हणून ते रक्तात उतरेपर्यंत गोळी चालू ठेवावी लागते. शेजारच्याने थांबवली म्हणून आपण थांबवायची नाही.

मलेरियाचा डास रात्रीचा, पण डेंग्यूचा दिवसाढवळ्या चावतो. त्यामुळे फक्त संध्याकाळी मलम लावणं अपुरं. 20 ते 30 टक्के डीट (डास दूर ठेवणारं रसायन) असलेलं घ्या. आधी सनस्क्रीन, ते मुरल्यावर हे. डीट काही प्रकारचं प्लॅस्टिक विरघळवतं, म्हणून लावल्यावर तळहात धुऊनच चष्म्याला किंवा घड्याळाच्या पट्ट्याला हात लावा. नाहीतर फ्रेमवर बोटांचे चिकट ठसे उमटतात आणि ते पुसून जात नाहीत.

सनस्क्रीनचा अंदाजही चुकतो. पूर्ण अंगाला एका वेळी साधारण 30 मिली लागतं आणि दर दोन तासांनी पुन्हा लावायचं असतं. म्हणजे 100 मिलीची बाटली समुद्रकिनाऱ्यावर एक दिवसही पुरत नाही. पूर्ण बाह्यांचे सैल कपडे त्यापेक्षा परवडतात.

ओआरएस अंदाजाने कालवणं

पाकिटावर 1 लिटर लिहिलंय आणि ते ग्लासभर पाण्यात ढवळलं, तर द्रावण इतकं तीव्र होतं की जुलाब वाढतात. काही पाकिटं 200 मिलीची असतात, तेव्हा आधी वाचा. पाणी उकळलेलं किंवा सीलबंद बाटलीचं. उरलेलं द्रावण 24 तासांनी ओतून द्या. ताप आला तर पॅरासिटामॉलच घ्या. डेंग्यूची शक्यता असताना अॅस्पिरिन किंवा आयबुप्रोफेनने रक्तस्रावाचा धोका वाढतो.

सगळे पासपोर्ट एकाकडे देणं

सोयीचं वाटतं, पण ती एक पिशवी गेली की अख्खा गट अडकतो. पासपोर्ट ज्याचा त्याच्याकडे, गटप्रमुखाकडे फक्त प्रती. बरेच देश पासपोर्टची किमान सहा महिने मुदत मागतात, ती आजच तपासा. व्हिसा सामूहिक असेल तर साधारणपणे यादीतल्या सगळ्यांना एकत्रच आत-बाहेर करावं लागतं. कुणाला दोन दिवस मागे राहायचं असेल तर त्याने वेगळा काढावा.

बॅगा एकत्र जमा होताना पॉवरबँक चेक-इनमध्ये जाते आणि तिथेच बॅग अडते. ती हातातल्या सामानातच हवी, तीही 100 वॅट-तासांपर्यंतची. 20,000 एमएएच म्हणजे 74, तेव्हा चालते.

जीन्स नको, दमट हवेत दोन-दोन दिवस वाळत नाही. बसमधल्या एसीसाठी पातळ जॅकेट मात्र घ्या. विषुववृत्ताजवळ संधिप्रकाश फार थोडा वेळ टिकतो, सूर्य बुडाल्यावर अर्ध्या तासात काळोख होतो. टॉर्च प्रत्येकाकडे हवा. कॅमेरा एसी खोलीतून थेट बाहेर काढलात तर भिंगावर बाष्प धरतं. निघण्यापूर्वी तो हवाबंद पिशवीत घाला आणि बाहेर अर्ध्या तासाने उघडा.

परतल्यावर तीन महिन्यांत ताप आला, तर कोणत्या देशात जाऊन आलात हे डॉक्टरांना आधी सांगा आणि मलेरियासाठी रक्त त्याच दिवशी तपासून घ्या, गोळ्या पूर्ण केल्या असल्या तरी.